भोंगा म्हणतो ऊन आहे

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, करड्या रंगाचा, तोंडाशी थोडा चेपलेला. स्लोव्हाकियातल्या वर्बिना गावात, इम्रिखच्या खानावळीसमोरच्या खांबावर मी लटकतो. खानावळ म्हणायची, पण तिथे जेवणापेक्षा बिअर जास्त खपते. खांबाच्या मागून खालची गल्ली सुरू होते आणि गल्ली संपते तिथे रुद्नावा नदी.

माझ्या घशातून आवाज निघतो, पण तो कधीच माझा नसतो. गावच्या कचेरीत कोणीतरी माईकसमोर बसून बोलतो आणि ते तारेतून माझ्यापर्यंत येते. मी ते मोठे करून गावावर ओततो, एवढेच माझे काम. खरे-खोटे करणे माझ्या हातात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची हकीकत ऐकताना तुम्ही माझ्यावर उगाच रागावणार नाही आणि उगाच माझे कौतुकही करणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. तेव्हा आमच्या देशात एकाच पक्षाचे राज्य होते आणि प्रत्येक गावाला भोंगे हवे होते. आमचा पत्रा कापला, वाकवला, रंगवला. शेवटी एका बाईने मला तार जोडली, माईकमध्ये "एक, दोन, एक, दोन" म्हटले आणि शेजारणीला म्हणाली, "हा ओरडतोय बरा. बांध याला." मग गवत भरलेल्या खोक्यातून मी वर्बिनात आलो.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. सकाळी माझ्यातून बँडचे संगीत वाजे. मग बातम्या. दुकानात लिंबे आली आहेत. दातांच्या डॉक्टर उद्या शाळेत बसणार आहेत. रविवारी सर्वांनी बटाटे काढायला सामुदायिक शेतावर यावे. लिंबांची बातमी आली की बायका हातातले काम टाकून पळत. बटाट्यांची आली की गावातल्या अर्ध्या लोकांची कंबर अचानक धरायची.

माईकवर बसायचे ब्लाझेय ह्रन्चियार. गावच्या कचेरीचे प्रमुख. उंच, नीटनेटके, आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथरत. पुढ्यात आलेला कागद ते एकही शब्द न अडखळता वाचत. त्यांची लहान मुलगी ओतीलिया माझ्या खांबाखाली उभी राहून इतर मुलांना सांगायची, "हे माझे बाबा आहेत." मुले वर बघायची. त्यांना वाटायचे, बाबा माझ्या आतच बसलेले आहेत.

वर्षातून एकदा सुरक्षेची कवायत व्हायची. माझ्यातून लांबलचक सूर निघे, लोक रबरी मुखवटे चढवून शाळेच्या तळघरात उतरत, आणि कोण आले, कोण आले नाही, यावर कोणाचे तरी लक्ष असे. तुमच्याकडे सुरक्षा म्हटले की कुलूप, पहारेकरी, हेल्मेट असे काहीतरी डोळ्यांसमोर येत असेल. आमच्या गावात तो शब्द निघाला की लोक आवाज खाली करत. सुरक्षा म्हणजे ती गाडी, जी भल्या सकाळी दाराशी येते आणि माणसाला प्रश्न विचारायला घेऊन जाते. म्हणजे ज्या शब्दाने माणसाला निवांत वाटावे, त्याच शब्दाला लोक घाबरायचे.

मग तो वसंत आला. नदीच्या वरच्या अंगाला एक कातड्याचा कारखाना होता. एके दिवशी रुद्नावेचे पाणी पिवळसर झाले. मासे पोट वर करून वाहत आले. खालच्या गल्लीतल्या विहिरींना वास यायला लागला. लोक खानावळीसमोर जमले, हळू आवाजात बोलू लागले. तेवढ्यात माझ्यातून ह्रन्चियार बोलले. विहिरींचे पाणी तपासले आहे, ते पिण्यास योग्य आहे. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. त्यानंतर बँड वाजला.

खालच्या गल्लीत वेरोना आणि तिचा नवरा वेंडेल राहायचे. वेंडेल सुतार होता, शांत माणूस. वेरोना म्हणाली, पाणी वरच्या झऱ्यावरून आणू. वेंडेल म्हणाला, "अगं, कचेरीतून सांगितलंय ना. तपासल्याशिवाय कसं सांगतील?" त्याने आपल्या विहिरीचे पाणी पिणे सोडले नाही. त्या हिवाळ्यात त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आणि तो गेला. डॉक्टरांनी कारण सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही, कारण विचारायचे कुठे आणि कोणाला?

अंत्ययात्रा माझ्याच खांबाजवळून गेली. वेरोना क्षणभर थांबली, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुढे गेली.

तेव्हापासून गावात एक बोलणे सुरू झाले. माझ्यातून काहीही सांगितले की लोक एकमेकांना म्हणत, "भोंगा म्हणतो ऊन आहे. छत्री घे." हसत म्हणत, पण खरोखरच छत्री घेत. मी बोलायला लागलो की खिडक्या लावून घेत. मी मोठ्याने बोलत होतो आणि माझे कोणी ऐकत नव्हते.

पुढे एका थंडीत ते राज्य पडले. शहरांमधल्या चौकांत लोकांनी किल्ल्यांचे जुडगे हलवून राज्यकर्त्यांना निरोप दिला. आमच्या गावात इम्रिखने एक पिंप फुकट उघडले आणि चार पेले झाल्यावर तो शिडी घेऊन माझ्या खांबावर चढला. खालून लोक ओरडत होते, "उतरव त्याला! भंगारात घाल!" मी चांगलाच पक्का बसवलेला होतो, नटबोल्ट गंजले होते. इम्रिखला ते सुटेनात. शेवटी त्याने पक्कडीने तार तोडली आणि टाळ्यांच्या कडकडाटात खाली उतरला.

ह्रन्चियार त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. त्यांचे घर खालच्या गल्लीतच, खानावळीच्या पलीकडे. त्यानंतर ते बागेत भोपळी मिरच्या लावत, कुंपणापर्यंत येत, आणि कोणी दिसले की आत जात. कोणी त्यांना त्रास दिला नाही. कोणी त्यांच्याशी बोललेही नाही.

माझी मुकी वर्षे सुरू झाली. माझ्या पोटात साळुंक्यांनी घरटे केले. पावसाने रंग उडाला. कोणीतरी मला नेम धरून दगड मारला, त्याचा पोचा अजून आहे. मी तक्रार करत नाही. पण वापराविना लटकत राहणे काय असते, ते अडगळीत पडलेल्या वस्तूंनाच कळते.

ओतीलिया शिकायला बाहेर गेली होती. ती परत आली, गावच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली आणि हौशी अग्निशमन दलात सामील झाली. आमच्याकडे प्रत्येक गावाचे असे एक दल असते. आगी विझवते, मांजरे झाडावरून उतरवते आणि जत्रेला मोठ्या कढईत गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, रांधते. दलाच्या जुन्या प्रमुखांचे गुडघे गेले तेव्हा ते काम कोणालाच नको होते. ओतीलिया म्हणाली, "मी करते."

प्रमुख झाल्यावर ती सर्वात आधी वरच्या तळ्यावर गेली. वर्बिनाच्या वर, डोंगराच्या कुशीत, मासे पाळायला बांधलेले एक जुने तळे आहे. त्याला मातीचा बांध. सामुदायिक शेती बुडाल्यापासून त्या बांधाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. त्यावर झाडे वाढली होती, घुशींनी बिळे केली होती. ओतीलियाने जिल्ह्याला कळवले. जिल्ह्याने सांगितले, बघू. तेव्हा तिने गावची सभा बोलावली. सभा इम्रिखच्या खानावळीत, खिडक्या उघड्या, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"तो बांध फुटला तर खालच्या गल्लीला पळायला फारसा वेळ मिळणार नाही," ओतीलिया म्हणाली. "सगळ्यांना एकदम सांगता यायला हवं. भोंगा पुन्हा जोडूया."

 मग इम्रिख खो खो हसला. "ह्रन्चियारची पोर म्हणते भोंगा जोडूया! बापाची गादी चालवायचीय का गं?"

"बँडपण लावणार का?" मागून कोणीतरी म्हणाले.

वेरोना कोपऱ्यात बसली होती. ती उठली. आता ती म्हातारी झाली होती, पण आवाज तसाच होता, सुरीसारखा.

"पोरी, तुझ्याशी माझं भांडण नाही. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तू रात्रभर बसून होतीस, ते मी विसरले नाही. पण त्या पत्र्यातून काय काय आलंय ते तुला ठाऊक आहे. माझं माणूस गेलं त्याच्यापायी."

"ठाऊक आहे, काकू."

"मग कशाला पुन्हा तो आवाज?"

ओतीलिया तिच्या टेबलाजवळ आली. मग म्हणाली, "काकू, मी तुम्हाला विश्वास ठेवा असं म्हणणारच नाही. मी काय करणार तेवढं सांगते. बोलायच्या आधी मी माझं नाव सांगेन. जे सांगेन ते मला कुठून कळलं तेही सांगेन. जे ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणेन. कोणाला शंका आली तर दलाच्या खोलीत या आणि मला विचारा. विचारल्याबद्दल कोणी कोणाच्या दारात गाडी पाठवणार नाही."

"बोलायला काय जातंय," वेरोना म्हणाली आणि बसली.

मतदान झाले. थोडक्या मतांच्या फरकाने तार जोडायचे ठरले. वेरोनाने विरोधात हात वर केला होता. साळुंक्यांची पिल्ले उडून जाईपर्यंत ओतीलियाने काम थांबवले, मग घरटे काढले, नवी तार ओढली आणि मी कितीतरी वर्षांनी खाकरलो.

पहिल्यांदा साध्याच गोष्टी सांगितल्या जात. "मी ओतीलिया बोलतेय. वीज मंडळाचा मला फोन आला होता. उद्या सकाळी वीज जाणार आहे. परत कधी येईल ते त्यांनी सांगितलं नाही." लोक खिडकीतून ऐकत आणि पुन्हा कामाला लागत. वीज गेली की म्हणत, "बघ, एकदा तरी खरं बोलला." कोणी पटकन मन मोकळे करत नव्हते, आणि ते बरोबरच होते.

मग लग्नाचा घोळ झाला.

इम्रिखच्या पुतणीचे लग्न होते. खानावळीत पाहुणे भरलेले, टेबलांवर भाजलेली बदके, खसखशीचे रोल, आलुबुखाराच्या दारूच्या, स्लिवोवित्साच्या बाटल्या आणि मधोमध तीन मजली केक. दोन दिवस पाऊस लागून होता. दुपारी शेजारच्या गावातून ओतीलियाला फोन आला, तळे काठोकाठ भरले आहे, पाणी वरून जाणार. ती धावत माईकपाशी गेली आणि खालच्या गल्लीने ताबडतोब चढावरच्या शाळेत जावे, असे तिने सांगितले.

मला वरून सगळे दिसत होते. काहींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. काही निघाले. नवरी पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून चिखलातून चालली होती. दोघे जण केक घेऊन चढत होते आणि तिसरा त्यावर छत्री धरून त्यांना शिव्या देत होता. वळणावर एकाचा पाय घसरला आणि सगळ्यात वरचा मजला गटारात गेला.

पाणी आले नाही. नदी थोडी फुगली आणि उतरली. फोन करणाऱ्याने त्यांच्या गावातले भलतेच एक तळे पाहिले होते. आमच्या तळ्यावर कोणी गेलेच नव्हते.

संध्याकाळी लोक परतले तेव्हा इम्रिख माझ्या खांबाखाली उभा राहून ओरडला, "बघा, भोंगा म्हणाला पूर! आता छत्र्या ठेवा घरी! बापाचा खोटेपणा निदान संगीत लावून तरी असायचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतला माईक चालू झाला. आधी नुसता श्वास ऐकू आला. माझ्या सगळ्या आयुष्यात मी हजारो घोषणा केल्या, पण अशी एकदाही नाही.

"मी ओतीलिया बोलतेय. काल माझी चूक झाली. मला दुसऱ्या गावातून फोन आला आणि मी स्वतः बांधावर न जाता तुम्हाला घराबाहेर काढलं. इम्रिखकाकांच्या घरचं लग्न माझ्यामुळे बिघडलं. मी त्यांची आणि नवरा-नवरीची माफी मागते. येत्या रविवारी दल खानावळ धुऊन काढेल आणि सगळ्या पाहुण्यांसाठी गुलाश करेल. यापुढे पाऊस लागला की आपल्यातलीच दोन माणसं बांधावर उभी राहतील. ज्याला यायचं असेल त्याने पहाऱ्याच्या पाळीला नाव द्यावं. ज्याला नुसतं बघायचं असेल त्यानेही यावं."

मग बटण बंद झाल्याचा टक असा आवाज आला. बँड वाजला नाही.

खालच्या गल्लीत एक खिडकी उघडली होती. वेरोना त्यात उभी होती, हात पिठाने भरलेले. ती बराच वेळ तशीच राहिली. जणू मी आणखी काही बोलेन, आधीचे पुसून टाकेन, असे तिला वाटत होते. मी काही बोललो नाही.

रविवारी गुलाश झाला. इम्रिखने दोन वाट्या खाल्ल्या, मीठ कमी आहे म्हणाला आणि तिसरी मागितली.

पुढच्या पावसात बांधावर पाळ्या सुरू झाल्या. आधी दलातलेच लोक जायचे. एके दिवशी वेरोना गळ्यापर्यंत कोट घालून निघाली. दुकानदारणीने विचारले, "कुठे निघालीस एवढ्या पावसात?"

"बघून येते. ती सांगते ते तसं आहे का."

परत आल्यावर ती दुकानात म्हणाली, "तसंच आहे." एवढेच. पण त्या आठवड्यात पाळीला माणसे कमी पडली नाहीत. लोक आता माझे ऐकून तळ्याबद्दल बोलत नव्हते. ते स्वतः बघून आले होते. कुठे माती भुसभुशीत आहे, घुशींची बिळे कुठे आहेत, पाणी कुठवर आले की काळजी करायची, हे खालच्या गल्लीतल्या बायकाही एकमेकींना सांगू लागल्या. भीती कमी झाली नव्हती. फक्त ती आता नेमकी झाली होती.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आभाळ फाटले. आठवडाभर पाऊस थांबलाच नाही. एका दुपारी, लोक जेवायला बसले असताना, माझ्यातून ओतीलियाचा धापा टाकणारा आवाज आला.

"मी ओतीलिया बोलतेय. आत्ताच बांधावरून उतरले. पायथ्याशी गढूळ पाणी झिरपतंय, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बांध फुटेल की नाही, मला सांगता येत नाही. फुटला तर वेळ मिळणार नाही. खालच्या गल्लीने आत्ता निघा, ताटावरून उठा आणि शाळेत जा. मागच्या खेपेला मी चुकले होते. या खेपेलाही चुकले तर मला बरंच वाटेल."

मित्रांनो, खरे सांगतो, मी श्वास रोखून पाहत होतो, भोंग्याला श्वास असेल तर. एक दार उघडले. मग दुसरे. मग सगळी गल्ली बाहेर आली. कोणी कोणाला छत्रीचा विनोद सांगितला नाही. इम्रिखने गिऱ्हाइकांच्या हातातले पेले काढून घेतले, "राहू दे ते, उठा, उठा," म्हणत सगळ्यांना हाकलले आणि दार नुसते लोटून निघाला. ज्यांना चालवत नव्हते त्यांना दलाच्या गाडीत बसवले. शेळ्या, कोंबड्या, एक शिलाई मशीन, कोणाच्या तरी लग्नाचा फोटो, सगळे चढणीला लागले.

एकच दार उघडले नाही. ह्रन्चियारांचे.

दलातला एक जण ठोठावून गेला. आतून उत्तर आले, "जा, जा. मला शिकवू नका." मग माझ्यातून पुन्हा आवाज आला. 

"बाबा, तुम्हीसुद्धा. बाबा, मला माईक सोडून येता येत नाही. निघा."

सगळ्या गावाने ते ऐकले. ह्रन्चियारांची खिडकी आतून लागली.

वेरोना चढणीच्या अर्ध्यावर पोचली होती, हातात शेळीची दोरी. तिने दोरी शेजारणीच्या हातात दिली आणि ती मागे वळली. लोक ओरडले. ती काही थांबली नाही. तिने ह्रन्चियारांचे फाटक उघडले, खिडकीशी गेली आणि तळहाताने काचेवर थापा मारल्या. खिडकी किलकिली झाली. दोघांचे बोलणे माझ्या अगदी खाली झाले.

"ऊठ, ब्लाझेय. पाणी येतंय."

"कोण म्हणतं?"

"भोंगा म्हणतो. बहिरा झालास का?"

"वेरोना, त्या भोंग्यातून काय बोलतात ते मला ठाऊक आहे. माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. वरून कागद येतो आणि माणूस वाचतो."

"तिला कोणी कागद दिलेला नाही. ती स्वतः बघून आलीय."

"आणि तू ऐकतेस? तू?"

"भोंग्याचं नाही ऐकत. तुझ्या पोरीचं ऐकते. ती चुकली तेव्हा चुकले म्हणाली."

म्हाताऱ्याने खिडकी आणखी उघडली. पाऊस माझ्यावर तडतडत होता. मग तो म्हणाला, "त्या वर्षीचं पाणी, वेरोना. मला कोणी तपासलेलं दाखवलं नव्हतं. मी विचारलंही नाही."

"मला माहितेय."

"वेंडेल..."

"ते वर जाऊन बोल. आधी बूट घाल. डावा उजव्यात घालू नकोस, मला तुला उचलता येणार नाही."

तो बाहेर आला. दोघे चढणीला लागले, तिने त्याचा दंड धरलेला. वळणावर इम्रिख परत खाली आला होता, त्याने म्हाताऱ्याचा दुसरा दंड धरला. ते शाळेच्या कोपऱ्यापाशी दिसेनासे झाले आणि थोड्याच वेळाने वरून असा आवाज आला, जणू डोंगर खोकला.

बांध फुटला होता. पाणी तपकिरी होते, त्यात झाडे, दारे, पिंपे होती. खानावळीच्या खिडक्या आत ढकलल्या गेल्या. ह्रन्चियारांच्या घराची पुढची भिंत बसली. वेरोनाचा गोठा गेला, बाग गेली. वीज गेली आणि मी मुका झालो. पाणी माझ्या खांबाला घासत चढत होते, माझ्या तोंडात चिखल उडाला. पण मला त्याचे काही वाटत नव्हते. गल्लीत एकही माणूस नव्हता.

पूर ओसरल्यावर कोणी मेलेले सापडले नाही. आमच्या गावात तो आकडा कोणाला मोजावाच लागला नाही. घरे मात्र पुढची दोन वर्षे बांधत होते.

वर शाळेत वेरोना आणि ह्रन्चियार एकाच बाकावर बसले होते म्हणे. ते काय बोलले, ते मला ठाऊक नाही. तिने त्याला क्षमा केली की नाही, तेही ठाऊक नाही. पुढे म्हातारा मुलीकडे राहायला गेला, आणि वेरोना त्याला रस्त्यात भेटली तर मान हलवायची. इतकेच मी पाहिले आहे, म्हणून इतकेच सांगतो.

ओतीलियाने स्वतः मला पाण्याच्या पाइपने धुतले. माझी तार बदलली. मग तिने वाहून आलेल्या ओंडक्यांचे एक बाकडे करवून दलाच्या खोलीच्या दाराशी ठेवले. तिथे पहिली जाऊन बसली ती वेरोना.

"उद्या सकाळी वीज जाणार म्हणालीस तू," ती म्हणाली. "सकाळी म्हणजे कधी? पावाचं पीठ भिजवू की नको?"

"मला नक्की नाही माहीत, काकू."

"मग विचार ना त्यांना. मी बसते."

ओतीलियाने फोन लावला. वेरोना बसून राहिली.

आता गावात सगळ्यांकडे मोबाइल आहेत. इशारे त्यावरही येतात. नवा कर्णा शाळेच्या छपरावर बसवला आहे, माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. पंचायतीत कधीतरी निघते, जुना काढून टाकूया का. मग कोणीतरी म्हणते, राहू दे, चालतोय. मी चालतो हे खरे आहे, पण साळुंक्या पुन्हा घुटमळू लागल्या आहेत, आणि माझ्या नटबोल्टांना तेल हवे आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात, शाळेत, इमारतीत माझ्यासारखा एखादा भोंगा असेल, घंटा असेल, नाहीतर नुसता सूचनांचा फळा असेल, तर त्याला तेलपाणी करा. अधूनमधून वाजवून बघा. त्यातून काही सांगितले तर ऐका, आणि पटले नाही तर जाऊन विचारा. आणि मोठे झाल्यावर कधी तुमच्याच हातात माईक आला, तर विचारायला आलेल्या माणसाला आधी बसायला जागा द्या.

दलाच्या खोलीपुढचे बाकडे आता एका बाजूने थोडे झिजले आहे. पंचायत म्हणते, नवे करूया. ओतीलिया म्हणते, त्याच्याशेजारी अजून एक ठेवा. हल्ली लोकांना उभे राहावे लागते.